मैदान बघून प्रवेश

खेळाडू विद्यार्थ्याने कॉलेज निवडणे म्हणजे पुढच्या तीन वर्षांचा सराव निवडणे. परभणीत हा निर्णय बारावीच्या निकालानंतर चार दिवसांत उरकतो. मित्र कुठे चालले आणि घराजवळ काय आहे, एवढेच पाहिले जाते. धावपटूची किंवा कबड्डीपटूची ऐन उमेदीची वर्षे मात्र हीच असतात. आंतरविद्यापीठ स्पर्धांना वयाची अट असल्याने वाया गेलेले वर्ष भरून निघत नाही.

पहिली चौकशी विद्यापीठाची. परभणीतली कला, वाणिज्य आणि विज्ञानाची महाविद्यालये नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी जोडलेली आहेत. १९९४ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या कक्षेत नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे जिल्हे येतात. विद्यापीठाच्या संघात जागा मिळवायची तर चार जिल्ह्यांतल्या खेळाडूंशी गाठ असते. पुढे राज्यातल्या विद्यापीठांचा अश्वमेध महोत्सव आणि आंतरविद्यापीठ स्पर्धा. कृषी शाखेला गेलेला मुलगा त्याच शहरात राहून वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाकडून खेळतो. त्याची निवड चाचणी वेगळी, प्रतिस्पर्धीही वेगळे.

दुसरी चौकशी मैदानाची, आणि ती पावसाळ्यात करावी. परभणीची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर बुटाला ढेकळासारखी चिकटते. मुरूम टाकून दबाई केलेले मैदान दोन दिवसांत वापरात येते. नुसत्या काळ्या मातीवरचा सराव आठवडाभर थांबतो. सकाळी सहाला मैदानावर उभे राहिले की बाकीचे आपोआप कळते : चुन्याच्या रेषा ताज्या आहेत का, किती मुले धावताहेत, घड्याळ लावून कोण उभे आहे.

घड्याळ लावणारा माणूस ही तिसरी चौकशी. क्रीडा संचालक एकच असतो, खेळ अनेक. विद्यार्थ्याच्या खेळाला शिकवणारे कोण, हे विचारावे. २०१७ च्या मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिली आलेली ज्योती गवते परभणीचीच. गुण या मातीत आहे; त्याला रोज हाक मारणारे कुणीतरी लागते.

चौथी चौकशी व्यवहाराची. स्पर्धेच्या दिवसांची हजेरी धरतात का, परीक्षा आणि सामना एकाच दिवशी आला तर काय करतात, प्रवासखर्च आणि किट कोण देते? महाराष्ट्रात शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण प्रमाणपत्राची पडताळणी होते. म्हणून कॉलेज कोणत्या मान्यताप्राप्त स्पर्धांना संघ पाठवते, हे आधीच पाहावे.

शेवटचा प्रश्न सध्याच्या खेळाडूंना विचारावा : गेल्या वर्षी गुडघा दुखावलेला मुलगा आता कुठे आहे? तो बाजूला बसून का होईना मैदानावर दिसत असेल, तर त्या कॉलेजात प्रवेश घ्यायला हरकत नाही.