मल्लिकबाजारचा थांबा

कोलकात्यास सियालदह स्थानकातून बाहेर पडून बालीगंजकडे निघालात, की आचार्य जगदीशचंद्र बोस मार्गाने तुम्हांला सरळ दक्षिणेकडे जावे लागते. जुनी माणसे या रस्त्यास अद्याप लोअर सर्क्युलर रोडच म्हणतात. मराठी वाचकांचे या रस्त्याशी एक गमतीचे नाते आहे. नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा बंगालवर स्वारी करून आल्या तेव्हा, १७४२ साली, कलकत्त्याच्या रहिवाशांनी शहराभोवती खंदक खणावयास घेतला. बेत सात मैलांचा होता. परंतु निम्मेही काम झाले नाही तोच मराठे काही शहरावर येत नाहीत असे दिसून आले आणि कुदळी थांबल्या. हा ‘मराठा खंदक’ पुढे बहुतांशी बुजवण्यात आला व १७९९ च्या सुमारास त्याच्या रेषेने सर्क्युलर रोड झाला. ज्यांच्या धास्तीने हा खटाटोप झाला त्यांच्याच मुलखातला मी, २०१९ च्या डिसेंबरात, एका पिवळ्या अँबॅसडर टॅक्सीत बसून निर्धास्तपणे त्या रस्त्याने चाललो होतो.

मौलाली मागे पडली आणि पुढच्या झाकणाखालून वाफेचा ऊन वास येऊ लागला. चालकाने काट्याकडे पाहिले, काही न बोलता गाडी कडेला घेतली व इंजिन बंद केले. हे त्याने तत्काळ केले, यात त्याचे सारे शहाणपण होते. तापलेली गाडी ‘आणखी दोन मैल’ म्हणून दामटणाऱ्यांचे हेड वाकते, गॅस्केट जळते, आणि शेकड्यांत भागणारे काम हजारांवर जाते. गाडीखाली हिरवट-तांबूस पाण्याचे थारोळे साचले होते. थोड्या वेळाने बाटलीतले पाणी ओतून, हळूहळू, आम्ही पार्क स्ट्रीटच्या नाक्यावरील मल्लिकबाजारात येऊन पोहोचलो. चालक म्हणाला, “बाबू, दुसरी टॅक्सी करा हवी तर. मला दोन-अडीच तास लागतील.” मला घाई नव्हती. मी थांबलो.

मल्लिकबाजार हा मोटारींच्या सुट्या भागांचा बाजार. येथे गाड्या मोडल्या जातात, आणि मोडलेल्या गाड्यांच्या अवयवांवर दुसऱ्या गाड्या जगतात. दुकानांच्या दारांत दिव्यांच्या काचा, गिअरच्या पेट्या, दरवाजे, रेडिएटर यांचे ढीग. गल्ल्यांतून ऑइलचा आणि चहाचा एकत्र वास. आणि शेजार कोणाचा, तर कबरींचा! एका अंगास १७६७ साली सुरू झालेले साउथ पार्क स्ट्रीटचे कबरस्तान, जेथे सर विल्यम जोन्स व तरुण वयात गेलेले कवी डेरोझिओ विसावले आहेत; दुसऱ्या अंगास लोअर सर्क्युलर रोडचे, जेथे मायकेल मधुसूदन दत्तांची समाधी आहे. मिस्त्री पान्हे शोधीत होता तेवढ्यात मी जोन्ससाहेबांचा उंच मनोरा पाहून आलो. शेवाळलेल्या, सावलीच्या त्या जागेत हातोड्यांचे आवाज अगदी स्पष्ट ऐकू येतात.

परत येऊन पाहतो तो पंप निघालेला होता. पाण्याचा पंप म्हणजे काय, हे मोटारीत बसणाऱ्या पुष्कळांना ठाऊक नसते. रेडिएटरच्या तळाचे निवालेले पाणी ओढून तो इंजिनात ढकलतो. तापलेले पाणी वरच्या नळीने पुन्हा रेडिएटरकडे येते. इंजिन चालू आहे तोवर हा फेरा चालू राहिला पाहिजे. फॅन बेल्टने फिरणारा एक दांडा, त्याच्या एका टोकास पाणी फेकणारा चक्राकार पंखा, मध्ये बेअरिंग आणि पाणी अडवणारे सील, एवढाच त्याचा संसार. अँबॅसडरमध्ये समोरचा वाऱ्याचा पंखाही याच दांड्यावर बसवलेला असतो. पंपाच्या पोटाखाली एक बारीक छिद्र ठेवलेले असते. सील गेले की तेथून पाणी ठिबकू लागते. ती सूचना असते. आमच्या चालकाने ती आठवडाभर पाहिली होती व रोज सकाळी पाणी भरून निभावले होते. त्याला दोष देण्यापूर्वी पुढचे ऐका.

मिस्त्रीने तीन भाव सांगितले. मोडलेल्या गाडीतला पंप ३०० रुपये. बाजारात नवा म्हणून मिळणारा ११००. किंवा हाच पंप ठेवून त्यात नवे बेअरिंग व सील दाबून बसवायचे, त्याचे ४५०. हिंदुस्तान मोटर्सच्या उत्तरपाडा कारखान्यातून १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून निघत आलेली ही गाडी मे २०१४ मध्ये बंद झाली. तेव्हापासून ‘नवा’ या शब्दाचा अर्थ दुकानागणिक बदलतो. गाडी २००६ सालची. आणि कलकत्ता उच्च न्यायालयाच्या २००८ च्या आदेशानुसार महानगरात पंधरा वर्षांवरील व्यावसायिक गाड्या चालवण्यास बंदी होती. म्हणजे तिची दोन वर्षे उरली होती. मी शहाणपणा केला आणि म्हणालो, “दोन वर्षांसाठी खर्च कशाला? तीनशेंचा घ्या.”

चालकाने खिशातून कागद काढला. तो बिहारमधील मोतिहारीकडचा, पन्नाशीचा गृहस्थ. पंप कोणताही घेतला तरी काढण्या-बसवण्याचे ३५०, खालची फुगलेली नळी बदलण्याचे १५०, चिरलेल्या बेल्टचे २००, आणि कूलंटचे दोन डबे ५००, हे त्याने एकाखाली एक लिहिले. जुन्या पंपाने बिल १५००, दुरुस्तीने १६५०, नव्याने २३००. “तीनशेंचा पंप घेऊन मी वाचवणार दीडशे,” तो म्हणाला. “तो पंप किती गाड्यांत फिरून आला, कोणास ठाऊक. बेअरिंग सुटलं तर पंखा रेडिएटरमध्ये घुसेल. मग रेडिएटर कोण देणार?”

कूलंटवरून मात्र त्याचे आणि मिस्त्रीचे वाजले. कोलकात्यात पाणी गोठत नाही, मग नळाचे पाणी काय वाईट, असे त्याचे म्हणणे. मिस्त्रीने वाद न घालता जुन्या पंपाचे चक्र त्याच्या हातावर ठेवले. गंजाने त्याची पाती कुरतडल्यासारखी झाली होती. कूलंटचे काम गोठण्यापासून राखण्याएवढेच नसते. ते गंज रोखते, म्हणून उष्ण मुलखातही ते हवे. चालकाने चक्र उलटेसुलटे करून पाहिले आणि पाचशेंची नोट वेगळी काढली. नवे चक्र मिस्त्रीने आपल्या डब्यातून, वरचे पैसे न घेता, लावले.

दांडा दाबयंत्राखाली बसत असता आम्ही भांडातला चहा घेतला. गाडी एक दिवस उभी राहिली तर सात-आठशे बुडतात, म्हणूनच आठवडाभर पाणी भरीत राहिलो, असे त्याने सांगितले. धाकटी मुलगी महाविद्यालयात होती. तिचीही दोन वर्षे राहिली होती. नंतर काय, असे मी विचारले नाही. त्यानेच सांगितले, “नंतर गावी थोडी जमीन आहे. पण फी शेतातून निघत नाही.”

अडीच तासांचे तीन तास झाले. मिस्त्रीने इंजिन चालू ठेवून रेडिएटरचे तोंड उघडेच राहू दिले, बुडबुडे थांबेपर्यंत थोडे थोडे भरले, मग झाकण लावले. निघताना चालकाने थांबल्याचे पैसे घेण्यास नकार दिला; मीटर बंदच होते, असे तो म्हणाला. बेकबागानच्या चौकात गर्दीत अडकलो तेव्हा मी त्याच्या खांद्यावरून काट्याकडे पाहिले. तोही तिकडेच पाहत होता. बालीगंजला मी उतरलो, भाडे दिले आणि सामान घेतले. तो गाडीतून उतरून पुढे आला, गुडघ्यावर टेकला आणि गाडीखालच्या रस्त्यावर त्याने तळहात फिरवून पाहिला. रस्ता कोरडा होता.