कुलूप नसलेलें घर

स्कॉटलंडांतील केर्नगॉर्म पर्वतांत लेरिग ग्रू नांवाची एक लांब खिंड आहे. तिच्यांत डी नदीजवळ ‘कोरूर बॉथी’ हें एका खोलीचें दगडी घर उभें आहे. हरणांवर देखरेख ठेवणाऱ्या नोकरासाठीं तें इ. स. १८७७ त बांधलें. पुढें तो नोकर गेला व घर वाटसरूंचें झालें. दारास कुलूप नाहीं, भाडें नाहीं; इ. स. १९६५ त स्थापन झालेली स्वयंसेवकांची एक संस्था त्याची डागडुजी करिते.

तेथें आम्हीं उन्हाळ्यांतील एक रात्र काढिली. शेजारचा डेव्हिल्स पॉइंट १००४ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईहून पुष्कळ ठेंगणा. पण वारा असा कीं, हाडें गोठावीं! मध्यरात्रीं दोन तरुण चिंब भिजून आंत आले. जमिनीवर निजलेली मंडळी न बोलतां भिंतीकडे सरकली. एका वृद्धानें उठून आपल्या स्टोव्हवर चहा ठेविला. नांव कोणीं विचारिलें नाहीं. इ. स. १९७१ च्या नोव्हेंबरांत याच पर्वताच्या पठारावर, अशाच एका निवाऱ्याकडे निघालेलीं पांच शाळकरी मुलें व एक शिकाऊ मार्गदर्शिका हिमवादळांत मरण पावलीं. तेथील लोक हें विसरलेले नाहींत.

सकाळीं पाहतों तों तेच दोघे खोली झाडीत होते. (वसतिगृहांतील विद्यार्थ्यांनो, तेथें पाळी लावणारा गृहपाल नाहीं!) मागें कोणीं टाकिलेले रिकामे डबेही त्यांनीं आपल्या पिशवींत भरिले. निघतांना धाकट्यानें दार ओढून घेतलें, कडी नीट बसली कीं नाहीं हें हालवून पाहिलें, आणि पावसांतच ते खिंडीची वाट चालूं लागले.