शत्रूला काय ठाऊक आहे

आर्मा ३ या युद्धखेळाचा मिशन एडिटर उघडला की तो आधी नकाशा निवडायला सांगतो. नवशिक्याचा हात हमखास आल्टिसवर जातो. ग्रीसच्या लेम्नॉस बेटावरून बेतलेला २७० चौरस किलोमीटरचा मुलूख, कावाला आणि पिर्गोससारखी गावं, विमानतळ, डोंगर. बघूनच हात शिवशिवतात. माझा सल्ला स्ट्रॅटिस घेण्याचा असतो. जेमतेम २० चौरस किलोमीटरचं बेट, पटकन लोड होतं आणि चार संध्याकाळी फिरलं की पाठ होतं.

त्यावर एकच सैनिक ठेवायचा, तो खेळाडू म्हणून निवडायचा आणि प्ले दाबायचं. शत्रू नाही, हुकूम नाही, काही घडणार नाही. आगिया मरीना गावातून वरच्या टेकडीकडे नुसतं चालत जायचं. कोणत्या वळणावर गाव दिसेनासं होतं, चढावर दम कुठे लागतो, कोणत्या झुडपाआडून रस्ता दिसतो पण रस्त्यावरून झुडूप दिसत नाही, हे पायांना कळलं पाहिजे. बहुतेकांना हा वेळेचा अपव्यय वाटतो. ते थेट चाळीस शत्रू ओततात आणि दोन मिनिटांत कंटाळतात.

हा खेळ मुळातच वेगळ्या घडणीचा आहे. प्रागच्या बोहेमिया इंटरॲक्टिव्हने २००१ मध्ये ऑपरेशन फ्लॅशपॉइंट हा आर्माचा पूर्वज आणला, तेव्हापासून मिशन एडिटर खेळाच्या डब्यातच येतो, वेगळा शोधावा लागत नाही. तेव्हा तो नुसता वरून दिसणारा सपाट नकाशा होता, त्यावर ठिपके मांडायचे. त्रिमितीतला ईडन एडिटर आर्मा ३ मध्ये २०१६ साली आला. (फ्लॅशपॉइंटमधल्या एव्हरॉन बेटाच्या मिशनांच्या फोल्डरलाही शेपटीला ‘ईडन’ असायचं, माल्डनच्या ‘एबल’ आणि कोल्गुयेवच्या ‘केन’. जुन्या लोकांना हे नाव बघून बरं वाटलं.) आपल्याकडे घराघरांत पोचलेल्या पब्जीचं मूळही याच गोतावळ्यात सापडतं. आर्मा २ वर २०१२ मध्ये डेझी हा मॉड, म्हणजे मूळ खेळावर रचलेला बदल, आला, ब्रेंडन ग्रीनने त्यावर आपला बॅटल रॉयल रचला, पुढे आर्मा ३ वर नेला आणि २०१७ मध्ये त्याचा स्वतंत्र खेळ झाला.

पण एडिटरपुढे बसलेल्याने पब्जी विसरावा. इथे एकदोन गोळ्यांत माणूस संपतो. प्रत्यक्ष चकमक काही सेकंदांची, बाकी सगळं चालणं, दबा धरणं, वाट पाहणं. म्हणजे मिशन लिहिणाऱ्याला काम करायचं ते त्या बाकीच्यावर.

शिवाय ही माणसं आपण ठेवू तिथे राहत नाहीत. दिवाळीच्या किल्ल्यावर बुरुजावर ठेवलेला मावळा भाऊबीजेपर्यंत तिथेच उभा असतो. इथल्या मावळ्याला आवाज ऐकू येतो, तो आडोसा शोधतो, सोबत्यांना सावध करतो, जीव घेऊन पळतोसुद्धा. नवखा माणूस याने वैतागतो आणि प्रत्येक सैनिकाला स्क्रिप्टने बांधून टाकतो. मग सगळं त्याच्या मनासारखं होतं आणि दुसऱ्यांदा खेळावंसं वाटत नाही. माझ्या मते मिशन लिहिणं म्हणजे एकाच प्रश्नाचा पाठपुरावा. या घडीला शत्रूला काय ठाऊक आहे? खेळाच्या पोटातही हे ज्ञान आकड्यात मांडलेलं असतं. एका गटाला समोरच्याबद्दल किती माहिती आहे, ते ० ते ४ अशा मापात स्क्रिप्टला विचारता येतं.

म्हणून सुरुवात गस्तीपासून करावी. दोघांचा गट, रस्त्यालगत चार वेपॉइंट, म्हणजे गटाने गाठायचे टप्पे, शेवटचा सायकल प्रकारचा. हा सायकल पहिल्या वेपॉइंटच्या जवळ ठेवायचा, कारण तिथून गट सर्वांत जवळच्या वेपॉइंटकडे वळतो. दूर ठेवलात तर बिचारे मधल्या दोन टोकांतच येरझाऱ्या घालत बसतात. वागणूक ‘सेफ’, वेग ‘लिमिटेड’. एवढ्यावर ती दोन माणसं बंदूक खाली धरून, कंटाळलेल्या पहारेकऱ्यांसारखी रमतगमत चालू लागतात. त्यांना काहीही ठाऊक नाही, हे खेळाडूला लांबूनच दिसतं, आणि त्याचं मिशन तिथे सुरू होतं. हीच दोघं ‘कॉम्बॅट’वर ठेवली तर पहिल्या क्षणापासून युद्धाच्या पवित्र्यात असतात. मग लपतछपत येण्यात राम राहत नाही.

दुसरी पायरी ट्रिगरची. नकाशावर आखलेलं एक क्षेत्र, एक अट, आणि अट पुरी झाली की होणारी गोष्ट. गाव मोकळं करण्याचं मिशन सगळेच पहिल्यांदा करतात. गावाभोवती ट्रिगर टाकायचा, ऑपफॉर (म्हणजे शत्रुपक्ष) ‘नॉट प्रेझेंट’ निवडायचं, तो पेटला की मिशन संपलं. कागदावर चोख. प्रत्यक्षात शेवटचा एक सैनिक कुठल्या तरी परसात भिंतीला चिकटून पडलेला असतो आणि खेळाडू अर्धा तास घराघरांत डोकावत फिरतो. त्यावरचा उपाय जुना आणि साधा आहे. ट्रिगर ‘प्रेझेंट’वर ठेवायचा, अटीच्या चौकटीतला आयता ‘धिस’ शब्द काढायचा आणि क्षेत्रातल्या शत्रूंची यादी तीनपेक्षा कमी झाली का, एवढंच विचारायचं. दोघं उरले तरी गाव पडलं असं धरायचं, खऱ्या लढाईतही शेवटच्या माणसापर्यंत कोण थांबतं? मात्र यादीत गाडी आतल्या माणसांसकट एकच धरली जाते, हे ध्यानात ठेवावं. आणि प्रत्येक सैनिक मिशनमध्ये असेल की नाही याची, म्हणजे हजेरीची, शक्यता कमी ठेवलेल्या गावात सुरुवातीलाच दोघं निघाले, तर मिशन उघडताक्षणी विजयाची घोषणा होते. त्यासाठी पहिली गोळी झडल्याची आणखी एक अट जोडावी लागते.

ट्रिगरच्या घड्याळाकडे फारसं कुणी बघत नाही, आणि माझा जीव तर त्याच्यातच आहे. दोन प्रकार असतात. काउंटडाउनमध्ये अट एकदा पुरी झाली की घड्याळ चालू, पुढे काहीही होवो. टाइमआउटमध्ये अट त्या पूर्ण वेळभर टिकली पाहिजे, मध्ये मोडली की गणती पुन्हा पहिल्यापासून. खेळाडू नजरेस पडला आणि शत्रूची कुमक निघाली, हे काउंटडाउन. त्याने मग कितीही लपावं, ट्रक निघालेला असतो. उलट, अमुक चौक ताब्यात ठेवा, हे टाइमआउट. चौकातून पाय बाहेर पडला की केलेलं पाण्यात. दोन्हींना तीन आकडे देता येतात, कमीत कमी, मधला आणि जास्तीत जास्त. ६०, ९० आणि २४० सेकंद भरले की ट्रक कधी येणार हे मलाही सांगता येत नाही. आवाज तेवढा डोंगरापलीकडून आधी येतो.

आपलंच मिशन खेळताना आपल्याला धडधडलं पाहिजे, ही माझी कसोटी. त्यासाठी प्रत्येक पहारेकऱ्याला प्लेसमेंट रेडिअस आणि हजेरीची शक्यता द्यायची. तीस मीटरच्या वर्तुळात तो कुठेही उभा असेल, कदाचित नसेलही. स्क्रिप्टची एक ओळ न लिहिता मिशन प्रत्येक वेळी वेगळं होतं.

त्रिमितीचा एक तोटा मात्र झाला. सपाट नकाशावर काम करताना उंचीच्या रेषा वाचाव्या लागत, डोक्यात डोंगर उभा करावा लागे. आता कॅमेरा उडवत नेता येतो, आणि अख्खी संध्याकाळ टेबलावर बाटल्या मांडण्यात, वाळूची पोती सरळ करण्यात जाते. तो मोह मलाही होतो. पण खेळाडू त्या टेबलापाशी तीन सेकंद थांबतो, तेही तिथे बंदूक पडली आहे का बघायला.

चाचणीसाठी ‘प्ले फ्रॉम हिअर’ फार उपयोगी, जिथून हवं तिथून खेळ सुरू. पण शेवटची चाचणी दुसऱ्या माणसाची हवी, आणि त्याला काहीही सांगायचं नाही. माझा भाचा या कामाला उत्तम. मी पूर्वेकडून वाट मोकळी ठेवावी आणि त्याने बेटाला वळसा घालून समुद्रातून पोहत यावं, असं ठरलेलंच. त्याच्या मागे बसून मी गप्प राहतो. कुठे थबकतो, कुठे नकाशा उघडतो, कुठे चुळबुळतो, तेवढं टिपून घेतो. तोंडी अभिप्रायापेक्षा ते खरं असतं.

परवा खेळून झाल्यावर म्हणाला, “मामा, त्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून एकटाच उभा होता ना, तो मुद्दाम ठेवला होतास? मला त्याला मारवेना. सोडून दिलं.”

प्लेसमेंट रेडिअसने त्याला तिथे टाकलं होतं. मी हो म्हणालो.