पद्मिनीचा एसी

जुन्या गाडीत एसी बसवायचा म्हटलं की दोन प्रकारची माणसं हसतात. एक, ज्यांच्या दारात नवी गाडी आहे ते. दुसरे, ज्यांना जुन्या गाड्यांचा शौक आहे ते. पहिल्यांच्या मते पैसे पाण्यात गेले, दुसऱ्यांच्या मते गाडी बाटली. (शब्द त्यांचा, माझा नव्हे.) पहिल्यांचं मी मनावर घेत नाही. दुसऱ्यांशी मात्र थोडं बोलायचं आहे, कारण आमच्या घरात त्यांचे पुढारी खुद्द अब्बा होते.

आमची प्रीमियर पद्मिनी १९८८ सालची. अब्बा भुसावळला रेल्वेत फिटर होते, तेव्हा त्यांनी ती जुनीच विकत घेतली. सांगाडा इटलीच्या फियाटचा, जन्म मुंबईत कुर्ल्याला आणि नाव चितोडच्या राणीचं. त्या राणीची कहाणी अवधीत रचली ती सोळाव्या शतकात मलिक मुहम्मद जायसींनी. वर्गात मी हे दरवर्षी सांगते. मुलांना जायसी पटकन कळतात, गाडी कोणती ते कळत नाही. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली, त्यांनी ती पाहणार कुठे?

एसीची गरज अम्मीमुळे पडली. आठवड्यातून दोनदा तिला डायलिसिससाठी जळगावला न्यावं लागतं. खान्देशातला मे महिना ज्यांना माहीत आहे त्यांना ४४ अंश म्हणजे काय ते समजावायला नको. पण डायलिसिसच्या रुग्णाचं दुखणं वेगळंच. तिला तहान लागते आणि पाणी पिता येत नाही. दिवसाचं पाणी मापून द्यायचं, चहा आणि डाळसुद्धा त्यातच धरायची. आपण उन्हातून आलो की गटागटा तांब्याभर पितो. ती दोन घोट घेऊन पेला खाली ठेवते. परतीच्या वाटेवर बीपी उतरलेलं, खिडकीतून भट्टीसारखा वारा. दोनदा तिला रस्त्यातच भोवळ आली.

पुण्याचा भाऊ म्हणाला, "आपा, विकून टाका, हप्त्यावर नवी घ्या." अब्बांना व्याजाचा हप्ता घरात नको, आणि रोख देण्याएवढे पैसे नाहीत. शिवाय पद्मिनीची मागची सीट रुंद आणि सपाट. अम्मी तिच्यावर आडवी होऊ शकते. भाड्याच्या छोट्या गाडीत तिचे गुडघे मावत नाहीत.

अब्बांचा पहिला आक्षेप शौकिनांचाच होता: असल चीज असलच राहिली पाहिजे. सरकारच्या २०२१च्या नियमांत ‘विंटेज’ म्हणजे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली आणि मोठे फेरफार न केलेली गाडी. आमची त्यात बसायला अजून बराच अवकाश आहे, आणि अम्मीला तेवढा वेळ थांबता येणार नाही. मी एवढंच विचारलं, "मग डायनमो काढून अल्टरनेटर कुणी बसवला होता?" ते म्हणाले, "वो जरूरत थी." मी काही बोलले नाही. अम्मी स्वयंपाकघरातून हसली.

दुसरा आक्षेप मात्र कारागिराचा होता आणि तो खरा होता. इंजिन १०८९ सीसीचं, ताकद ४० हॉर्सपॉवरच्या आसपास. एसीचा कॉम्प्रेसर इंजिनच्याच पट्ट्यावर फिरतो, म्हणजे त्याचा घास इंजिनच्याच ताटातून जाणार. वर कंडेन्सर बसतो रेडिएटरच्या पुढे, म्हणजे रेडिएटरला मिळणारी हवा आधीच तापलेली. मारुती ८००चं ७९६ सीसीचं इंजिन एसी ओढतं, पण तिथे सगळी मांडणी कंपनीनं त्या हिशेबानं केलेली. इथे ती आपण करायची.

एका दुकानानं डॅशबोर्ड कापायचं सांगितलं. आम्ही तिथून उठलो. दुसऱ्यानं जुन्या गाडीतून काढलेला सेट स्वस्तात देऊ केला. तो आर-१२ गॅसचा. ओझोनच्या करारानंतर तो गॅस बंद झाला, आणि आता मिळणाऱ्या आर-१३४एसाठी तेल वेगळं, सील वेगळे. शेवटी मोहल्ल्यातल्याच मिस्त्रीनं काम घेतलं. पद्मिनीचा गिअर स्टिअरिंगपाशी असतो, त्यामुळे डॅशबोर्डखाली मधोमध जागा मोकळी. कूलिंग कॉइल आणि ब्लोअरचा डबा तिथेच टांगला. पत्रा कापावा लागला नाही. पुढे मध्ये बसणाऱ्याचे गुडघे तेवढे आपटतात.

खरं काम होतं कॉम्प्रेसरच्या ब्रॅकेटचं. तयार मिळत नाही, लेथवाल्याकडून जाड पट्टीचं बनवून घ्यावं लागतं. कॉम्प्रेसरची पुली आणि इंजिनची पुली एका रेषेत नसतील तर पट्टा किंचाळतो, मग उडतो. मिस्त्रीनं नजरेनं बसवलं. अब्बा तोवर अंगणात खुर्चीवर पाठ फिरवून बसले होते. उठले, खिशातून दोरा काढला, दोन्ही पुल्यांवर ताणून धरला आणि म्हणाले, "बेटा, सुतात नाही." ब्रॅकेट तीनदा उतरलं. तिसऱ्यांदा खाली वाकलेले अब्बाच होते, आणि मिस्त्री बॅटरी धरून उभा.

त्यानंतर कामाची सूत्रं त्यांच्याकडेच गेली. रेडिएटरला विजेचा जादा पंखा, त्याला वेगळा रिले. एसी सुरू होताच इंजिन बंद पडू नये म्हणून आयडलिंग किंचित वाढवणारा व्हॉल्व्ह. पाण्याचं तापमान दाखवणारा नवा काटा. गॅस भरण्याआधी व्हॅक्यूम पंप अर्धा तास चालवायचा, कारण आत ओल राहिली तर ती एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या तोंडाशी गोठते आणि गॅसची वाट अडते. मिस्त्री दहा मिनिटांत आटपत होता. अब्बा घड्याळ धरून बसले.

एवढं करूनही पहिल्या दिवशी गार झालं नाही. या गाडीचं छप्पर नुसता पत्रा. दारांचं रबर वाळलेलं, पुढच्या त्रिकोणी काचांतून फट, पायाशी इंजिनची धग. एसी बसवणारे हे सांगत नाहीत, कारण त्यात त्यांची कमाई नाही. आम्ही छताच्या अस्तराआड आणि पायाखाली नमदा घातला, सगळी रबरं बदलली. त्या नमद्यानं जेवढा फरक पडला तेवढा मोठ्या कॉम्प्रेसरनंही पडला नसता, असं माझं मत आहे. सगळे मिळून ४८ हजार लागले. गाडी विकायला काढली तर एवढे तरी येतील का, हा प्रश्न भावानं विचारला. मी फोनवर आवाज येत नसल्याचं सांगितलं.

आता गाडी मी चालवते. उड्डाणपुलाच्या चढावर एसी बंद करते, उतारावर सुरू. लिटरमागे दीड-दोन किलोमीटर कमी झाले. अब्बा शेजारी बसून त्यांच्या रेल्वेच्या दिवसांतल्यासारखी वही लिहितात: बाहेरचं तापमान, आतलं तापमान, काटा कुठे होता, पेट्रोल किती. गेल्या मंगळवारी बाहेर ४४, आत २९. खाली दुसऱ्या शाईत अम्मीच्या पाण्याचा हिशेब: घरी पोचेपर्यंत एक पेला, तोही अर्धा परत.