तिरुप्पनंदाळहून हजेरी

पुण्यातल्या एका केंद्र सरकारी कार्यालयात पेन्शन विभाग माझ्याकडे होता, तेव्हा करोनाच्या काळात मी काही निर्णय घेतले. त्यांतल्या एका निर्णयाने एका चांगल्या माणसाची हक्काची वेतनवाढ अडली. निवृत्त झालेले अधिकारी आठवणी लिहितात त्या बहुधा आपण मार्गी लावलेल्या कामांच्या असतात. मला मात्र ही बाजू लिहायची आहे. घरून काम करू द्यावं की नाही यावर कचेऱ्यांत अजून कडाक्याची भांडणं होतात, आणि त्यांत साहेबाच्या खुर्चीतला माणूस कुठे घसरतो हे खुर्चीतल्याच कुणी तरी सांगायला हवं.

१९ मार्च २०२० ला कार्मिक विभागाचा आदेश आला. गट ‘ब’ आणि ‘क’मधल्या निम्म्या कर्मचाऱ्यांनी कार्यालयात यायचं, उरलेल्यांनी घरून काम करायचं आणि फोनवर उपलब्ध राहायचं. त्याआधी आमच्या विभागात घरून काम ही गोष्टच नव्हती. आजारपणात कुणी घरी फाइल नेली तरी चौकशी व्हायची. पेन्शनचं काम म्हणजे सेवापुस्तक, नामनिर्देशनं, ना-देय दाखले, सगळं कागदावर. ई-ऑफिस आलेलं होतं, पण अर्ध्या फाइली तेव्हाही कपाटातच होत्या. माणसंही अपुरी. १ मार्च २०२० रोजी केंद्र सरकारची आठ लाख बहात्तर हजारांवर पदं रिकामी होती, हे सरकारनेच संसदेत सांगितलं आहे. आमच्याकडे एकेका टेबलावर दोघांचं काम होतं.

एप्रिलमध्ये महागाई भत्ता गोठवला गेला. जानेवारी २०२०, जुलै २०२० आणि जानेवारी २०२१ असे तीन हप्ते थांबले, आणि त्या अठरा महिन्यांची थकबाकी पुढेही मिळाली नाही. देशावर संकट होतं, लोकांच्या नोकऱ्या जात होत्या, त्यामुळे कुणी उघड तक्रार केली नाही. पण मन खचलं होतं. अशा वेळी विभागप्रमुखाने माणसांना धरून ठेवायचं असतं. मी त्यांच्यावर पहारा बसवला.

आमच्यातला एक लिपिक लॉकडाउनच्या आधी रजा घेऊन गावी गेला होता. गाव तिरुप्पनंदाळ, तंजावर जिल्ह्यात, कुंभकोणमहून चेन्नईकडे जाणाऱ्या रस्त्यावर. घरात मराठीच बोलतात. व्यंकोजीराजांच्या काळापासून त्या मुलखात जी मराठी घराणी रुजली, त्यांपैकी हे एक. पोलिओमुळे त्याचा एक पाय अधू. २२ मार्चनंतर गाड्या बंद झाल्या आणि तो तिथेच अडकला. जुलैअखेर कार्मिक विभागाने स्पष्ट केलं, की रजा संपून वाहतुकीअभावी जे परत येऊ शकले नाहीत आणि ज्यांनी तसं कळवलं, ते रजा संपल्या दिवशी रुजू झाले असं समजावं. त्याने तर पहिल्याच दिवशी कळवलेलं होतं. पुढे गाड्या सुरू झाल्या, तरी दिव्यांग आणि गरोदर कर्मचाऱ्यांना कार्यालयात येण्यापासून सूट कायम होती, त्यांनी घरूनच काम करायचं होतं. त्यात त्याच्या वडिलांचं दुखणं निघालं. त्याने अर्ज केला, की मी तिरुप्पनंदाळहूनच काम करतो.

माझा पहिला हट्ट इथे सुरू झाला. घरून काम म्हणजे मुख्यालयातल्या घरून काम, असं मी फाइलवर लिहिलं. पुण्यातल्या भाड्याच्या खोलीत तो एकटा काय करणार होता, जेवणाखाण्याची सोय काय, हे मी विचारलं नाही. वरिष्ठांनी माझं म्हणणं पूर्ण मानलं नाही आणि तात्पुरती परवानगी दिली. आपला शब्द डावलला गेला, हे मला लागलं. पुढचं बरंचसं त्या लागण्यातून झालं, हे आज कबूल करतो.

मी हजेरीचा नियम काढला. घरून काम करणाऱ्याने सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी टेबलावर बसलेला आपला फोटो, ठिकाणासह, विभागाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकायचा, आणि रात्री दिवसभराच्या कामाची यादी द्यायची. वरून असा आदेश कुठलाच नव्हता. एप्रिलमध्ये गृह मंत्रालयाने झूम सरकारी कामासाठी सुरक्षित नाही असं बजावलं होतं, आणि मी मात्र लोकांच्या घरांचे फोटो आणि पत्ते सगळ्यांसमोर मागत होतो. मागे वाळत घातलेले कपडे, रडणारं मूल, अंथरुणावरची आजारी आई, सगळं त्या गटावर यायचं. आमच्या स्टेनो बाईंच्या फोटोत एकदा त्यांची मुलगी आली, तर मी खाली लिहिलं, ‘कार्यालयीन वेळेत कार्यालयीन वातावरण ठेवावे.’ बाईंनी उत्तर दिलं नाही. ज्या दिवशी त्या घरी असत त्या दिवशी मी रात्री साडेनऊलाही डिक्टेशनसाठी फोन करत असे. घरीच तर आहेत, असा माझा हिशेब. वर्षभराने त्यांनी दुसऱ्या विभागात बदली मागून घेतली.

याहून वाईट म्हणजे कार्यालयात येणारे आणि घरून काम करणारे यांच्यातलं भांडण मी वाढू दिलं. कार्यालयात येणाऱ्यांना टपाल फोडावं लागे, सेवापुस्तकं काढून स्कॅन करावी लागत, घरच्यांसाठी फाइली शोधाव्या लागत. पीएमपीची बस सप्टेंबरपर्यंत बहुतेक बंदच होती, त्यामुळे हडपसर, भोसरीहून माणसं मिळेल त्या वाहनाने येत. संसर्गाची भीती तर रोजचीच. त्यांचा राग अगदी खरा होता. स्कॅनिंगच्या पाळ्या लावणं, येणाऱ्यांचं दुसरं काम घरच्यांकडे वळवणं, एवढं माझ्या हातात होतं. मी ते केलं नाही. घरचे लोक मजेत आहेत, असं बोललं जाऊ लागलं आणि मी ऐकून घेत राहिलो. राग एकमेकांवर निघत होता तोवर माझ्या टेबलापर्यंत येत नव्हता, आणि ते मला सोयीचं होतं. एकत्र डबा खाणारी माणसं त्या वर्षात एकमेकांच्या फाइलींतल्या चुका शोधू लागली.

मेमध्ये कार्मिक विभागाचा एक मसुदा मंत्रालयांकडे अभिप्रायासाठी गेला होता. कर्मचाऱ्याला वर्षातून पंधरा दिवस घरून कामाची मुभा, लॅपटॉप, सुरक्षित जोडणी, इंटरनेटच्या खर्चाची भरपाई, असं बरंच विचारपूर्वक लिहिलेलं होतं. आमच्या मुख्यालयाने विभागांची मतं मागवली तेव्हा मी लिहिलं, ‘पर्यवेक्षणाशिवाय काम होणार नाही.’ त्याच वर्षातल्या माझ्याच एका मासिक विवरणात सर्वाधिक प्रकरणं तिरुप्पनंदाळहून निकाली निघालेली होती. दोन्ही कागदांवर सही माझीच.

२५ नोव्हेंबरच्या रात्री निवार चक्रीवादळ पुद्दुचेरीजवळ किनाऱ्यावर आलं. आठवडाभरात बुरेवी आलं आणि कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात पाऊस कोसळत राहिला. तंजावर, नागपट्टिनम, कडलूर भागात सांबा भाताची शेतं पाण्याखाली गेली. तिरुप्पनंदाळला वीज गेली, नेटवर्क गेलं. गटावर त्याचे फोटो आले नाहीत. बातम्या मीही पाहत होतो. तरीही मी ते दिवस गैरहजेरीचे धरले आणि त्याच्या अर्जित रजेतून वळते केले.

ई-ऑफिसमध्ये प्रत्येक टिपणाला तारीख आणि वेळ आपोआप पडते. कुणी कधी फाइल उघडली, कधी पुढे पाठवली, सगळं तिथे असतं. त्या दिवसांत तो अधू पायाने पाण्यातून वाट काढत कुंभकोणमला नातेवाइकांकडे गेला होता, कारण तिथे इन्व्हर्टर होता. रात्री बसून त्याने प्रकरणं पुढे सरकवली. करोनाने नवरा गेलेल्या एका बाईंच्या कुटुंब निवृत्तिवेतनाचं प्रकरण त्यांत होतं. टिपणांच्या वेळा माझ्याच पडद्यावर होत्या. मी त्या पाहिल्या नाहीत, कारण मी फोटो पाहत होतो. रजेचा आदेश निघाल्यावर त्याने फोन केला. म्हणाला, “सर, फाइली बघितल्या का तुम्ही?” मी म्हणालो, “फोटो का नाही टाकला ते सांगा.”

मग वार्षिक मूल्यांकन आलं. त्यात कामाच्या निष्पत्तीला चाळीस टक्के वजन असतं, व्यक्तिगत गुणांना तीस आणि कार्यक्षमतेला तीस. कामाला मी सात दिले, कारण आकडे नाकारता येत नव्हते. शिस्त, कामाविषयीची वृत्ती अशा रकान्यांत पाच, नियमांचं ज्ञान, समन्वय यांतही पाच. एकूण ५.८. सहाच्या खाली ‘चांगला’, सहापासून ‘अतिशय चांगला’. बढती न मिळता दहा वर्षं झाली की जी वेतनवाढ मिळते, एमएसीपी म्हणतात ती, तिच्यासाठी २०१६ पासून ‘अतिशय चांगला’ लागतो. त्याची दहा वर्षं २०२१ मध्ये भरत होती. मला हे ठाऊक होतं. ५.८ लिहिताना ते माझ्या मनात नव्हतं असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो, आणि ते खरं नाही.

अहवाल दाखवल्यावर पंधरा दिवसांत हरकत घेता येते. त्याने घेतली. सोबत महिनावार निकाली प्रकरणांची यादी आणि टिपणांच्या वेळा जोडल्या, भाषा कमालीची सभ्य. माझा अभिप्राय मागवला गेला. मागे फिरायची ती शेवटची संधी होती. मी लिहिलं, ‘गुणांकन वस्तुनिष्ठ असून कायम ठेवावे.’ छाननीत त्याचं नाव मागे राहिलं. पुढच्या छाननीत आलं, पण मधला काळ गेला तो गेलाच.

हे सगळं मी मनाच्या तळाशी ढकलून निवृत्त झालो. ते वर आलं फेब्रुवारी २०२५ मध्ये. अमेरिकेत नव्या राष्ट्राध्यक्षांनी २० जानेवारीला, पहिल्याच दिवशी, संघीय कर्मचाऱ्यांचं घरून काम बंद करायचा आदेश दिला होता. २२ फेब्रुवारीला, शनिवारी, लाखो कर्मचाऱ्यांना ईमेल गेला, की गेल्या आठवड्यात काय केलंत ते पाच मुद्द्यांत सोमवार रात्रीपर्यंत कळवा. उत्तर न देणं हा राजीनामा समजला जाईल, असं इलॉन मस्क यांनी जाहीर केलं. ऑगस्टपर्यंत ही पद्धत गुंडाळली गेली. फेब्रुवारीतल्या त्या बातम्यांत एक कर्मचारी सांगत होती, की पाच मुद्दे लिहायला वेळ लागत नाही, पण आपल्याला चोर समजलं जातंय हे डोक्यातून जात नाही. माझा चहा तसाच राहिला. रात्रीची कामाची यादी मागणारा मी तिच्यासमोर बसलेलो होतो.

मी त्याला फोन केला. तो रजेवर गावी होता. म्हणाला, “या सर, घर बघून जा.” मी गेलो.

तिरुप्पनंदाळ लहान गाव आहे, पण त्याचा पसारा मोठा. इथला काशी मठ मुळात सतराव्या शतकात कुमरगुरुपरर या तमिळ संताने वाराणसीला स्थापला, आणि पुढे त्याचं मुख्य पीठ इथे आलं. काशीतल्या मठाचा कारभार कावेरी खोऱ्यातल्या या गावातून पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. मुख्यालयातलं घर असा हट्ट धरणाऱ्या मला हे तिथे उभं राहून ऐकावं लागलं. शिवमंदिरात त्याने ताडकै या भक्त स्त्रीची गोष्ट सांगितली. हार घालताना तिचं वस्त्र सुटू लागलं, हात वर करता येईना, म्हणून लिंग तिच्याकडे कललं. ते सरळ करायला राजाने हत्ती लावले, तरी हललं नाही. शेवटी कुंगिलिय नायनार या भक्ताने दोराचं एक टोक लिंगाला आणि दुसरं स्वतःच्या गळ्यात बांधून ओढलं, तेव्हा ते सरळ झालं. त्याने नुसती गोष्ट सांगितली, मला ऐकवायची म्हणून नव्हे. मी मात्र हत्तींपाशीच अडकलो.

घरी मी माफी मागितली. त्याने ती झटकन स्वीकारली नाही, आणि ते बरं केलं. म्हणाला, “पैसे उशिरा मिळाले, त्याचं काही नाही, सर. पण त्यानंतर मी ठरवलं, सांगितलं तेवढंच करायचं. आता मी कुणाच्या जास्तीच्या फाइली घेत नाही. कुणी विधवा बाई फोनवर रडली तरी तिला अर्जाचा क्रमांक सांगतो आणि फोन ठेवतो. मला ते आवडत नाही. पण मी तसा झालोय.”

एका कर्तबगार लिपिकाला मी असं करून ठेवलं होतं. पेन्शन विभागात याचा अर्थ काय होतो, हे पेन्शनची वाट पाहणाऱ्यांनाच कळेल.

परत आल्यावर मी कार्यालयाला लेखी निवेदन दिलं, की २०२०-२१ चं माझं गुणांकन कामावर आधारलेलं नव्हतं आणि हरकतीवरचा माझा अभिप्राय चुकीचा होता. अंतिम झालेला अहवाल अशा पत्राने सहसा उघडला जात नाही, हे मी जाणतो. म्हणून त्यात एक वेगळी विनंती केली आहे. निवार आणि बुरेवीच्या दिवसांतल्या टिपणांच्या वेळा ई-ऑफिसवरून काढाव्यात, आणि गैरहजेरी म्हणून कापलेली अर्जित रजा त्याच्या खात्यात परत जमा करावी. पत्राची एक प्रत त्याला पाठवली आहे, दुसरी स्टेनो बाईंना.