मनाई असलेला हिरवा प्रकाश

विजयदुर्ग पाहून आलेला आमच्या घाटकोपरचा माणूस येताना दोन वस्तू हमखास आणतो : कोकमाचे आगळ आणि हीलियमची गोष्ट. लॉकियर नावाच्या साहेबाने तेथल्या कट्ट्यावरून १८६८ साली हीलियम शोधला, ही ती गोष्ट. माझ्या वर्गातली मुलेही ती छाती फुगवून सांगतात. आता काय करावे! लॉकियर त्या साली इंग्लंडातच होता; सूर्याची ती पिवळी रेघ त्याने तेथूनच, ग्रहणावाचून पाहिली. विजयदुर्गाला तो आला १८९८ च्या जानेवारीतल्या खग्रास ग्रहणाला. मुलांचा हिरमोड होतो खरा. पण उसना मोठेपणा आपल्याला हवाच कशाला? खरी गोष्ट काही कमी रसाळ नाही.

त्याच दिवशी सोलापूरकडच्या जेऊरला पुण्याचे प्राध्यापक कावसजी नायगमवाला यंत्रे मांडून बसले होते. सूर्याच्या प्रभामंडलात एक हिरवी रेघ दिसे. अमेरिकेत १८६९ साली ती प्रथम सापडली. कुठल्याच मूलद्रव्याशी जुळेना, म्हणून शास्त्रज्ञांनी 'कोरोनियम' नावाचे द्रव्यच कल्पिले. १८९८ च्या ग्रहणातील छायाचित्रांवरून तिची जागा दुरुस्त झाली : ५३१७ नव्हे, ५३०३ अँगस्ट्रॉम.

कोडे सुटायला १९४१ साल उजाडले. स्वीडनच्या एडलेनने गणिताने दाखविले, की हे तर आपले तव्याचे लोखंड! त्याच्या २६ इलेक्ट्रॉनांपैकी १३ हिरावलेले. उरलेल्यांतला एक वरच्या पायरीवरून खाली उतरतो, तेव्हा ही हिरवी रेघ उमटते. पण या उतरण्याला 'निषिद्ध' म्हणतात. विजेचा हमरस्ता त्याला बंद. चुंबकत्वाची बारीक पायवाट तेवढी मोकळी. हमरस्त्याने जाणारा सेकंदाच्या सुमारे दहा कोटीव्या भागात उतरतो, याला सरासरी सेकंदाचा साठावा भाग लागतो. म्हणजे त्याला एक सेकंद धरला, तर याला एकोणीस दिवस! आपल्या दाट हवेत इतका वेळ धक्के चुकवून कोण उभे राहील? प्रभामंडल फार विरळ, म्हणून त्याला तेवढी उसंत मिळते. गणितही मोठे गमतीचे : अशा दोन पायऱ्यांतले अंतर दुप्पट झाले, तर उतरण्याची शक्यता आठपट.

लोखंडाचे १३ इलेक्ट्रॉन हिरावायचे तर दहा-वीस लाख अंश उष्णता हवी. सूर्याचा पृष्ठभाग मात्र सहा हजारांच्याही आत. चूल कोमट आणि वरची वाफ धगधगती! याचा पुरता उलगडा अजून व्हायचा आहे. २ सप्टेंबर २०२३ रोजी निघालेले आपले 'आदित्य' यान हीच हिरवी रेघ न्याहाळते.

हे सांगत होतो तर एक मुलगी म्हणाली, "सर, मनाई आहे, तर तो येतो कसा?"

मी खडू उचलतो तोच मागच्या बाकावरून उत्तर आले, "उशिरा येतो!"