मोलगीच्या वाटेवर

अक्कलकुव्याहून देवगोईचा घाट चढूं लागलों, तेव्हां आमच्या मनांत दूरचें एक स्मारक घोळत होतें. 1820 सालीं सुमारें 4000 ब्रिटिश वसाहतवाले शेतीसाठीं दक्षिण आफ्रिकेंत उतरले. त्यांच्या आठवणीदाखल ग्रॅहम्सटाऊनच्या टेकडीवर 1974 मध्यें भव्य इमारत उभी राहिली. आतां, 2018 पासून, त्या गांवाचें नांव मखांडा आहे. 1819 त त्याच ठाण्यावर चालून गेलेल्या खोसा वीराचें!

इकडे 1825 त कंपनी सरकारनें खानदेशांत उलटा प्रयोग केला. परके आणून वसविण्याऐवजीं भिल्लांनाच डोंगरांतून खालीं बोलावून, जमीन व तगाई देऊन, नांगर धरावयास लाविलें. धरणगांवीं आउट्रमसाहेबानें भिल्ल पलटण उभारिली ती त्याच सालीं. हेतु परोपकाराचा कमी, लूटमार थांबविण्याचा अधिक, हें उघडच आहे. पुढें सपाटीवरील पुष्कळ भिल्लांच्या जमिनी सावकारांच्या वह्यांत गेल्या, आणि 1972 च्या सुमारास शहाद्याकडे त्या सोडविण्यासाठीं चळवळ झाली. या वसाहतींचें स्मारक आमच्या तरी पाहण्यांत नाहीं.

मोलगीच्या बाजारांत आमचूर व भगर मांडून बसलेल्या एका म्हातारबाईंस आम्हीं विचारलें, "आजी, तुमचे लोक या डोंगरांत कधीं आले?"

"आले?" त्या हंसल्या. "आले तर तुम्ही! भगर किती देऊं?"

आम्हीं दोन किलो घेतली. दर एकादशीस घरीं जी शिजते ती भगर कोणाच्या शेतांत पिकते, हें तोंवर आमच्यापैकीं कोणीं विचारलेंच नव्हतें.